दंडातून हृदयापर्यंत: एका बारीक नळीची गोष्ट



"शीर सापडत नाही." दवाखान्यात हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुणी बाळंतपणात ऐकलं असेल, कुणी जुलाब-उलट्यांनी अंग सुकून गेल्यावर, कुणी म्हाताऱ्या सासूबाईंना सलाईन लावताना. सिस्टर दंडाला पट्टा बांधते, मनगट थोपटते, मूठ आवळायला सांगते. एकदा टोचते, दोनदा टोचते, मग म्हणते, "दुसरा हात द्या बघू."

हे झालं एका दिवसाच्या सलाईनचं. पण जिला कॅन्सरवरचं केमो महिनोन्महिने घ्यायचं आहे तिचं काय? केमोची काही औषधं इतकी जहाल असतात की हाताच्या बारीक शिरेत ती सोडली तर शीर आतून भाजून निघते, कडक होते, काळी पडते. चार-पाच वेळा औषध घेतलं की हातावर टोचायला जागाच उरत नाही.

अशा रोग्याच्या दंडातून एक लांब, मऊ, शेवयीसारखी नळी आत सरकवतात. शिरेतूनच वर जात जात ती काखेतून, गळपट्टीच्या हाडाखालून छातीत उतरते आणि हृदयाच्या तोंडाशी येऊन थांबते. तिथे मोठ्या माणसाच्या शरीरात मिनिटाला साधारण दोन लीटर रक्त वाहत असतं. वाटीभर मीठ घागरीत टाकलं तर पाणी खारट होतं, भरल्या नदीत टाकलं तर कळतही नाही. जहाल औषधाचं तसंच होतं, लगेच पातळ होऊन ते अंगभर जातं. दवाखान्यात या नळीला 'पिक लाईन' म्हणतात.

अशी नळी दंडाला घेऊन एखादी गावात परत आली की कुजबुज सुरू होते. "हृदयात नळी घातलीय म्हणे. आता काही खरं नाही." म्हणून आज ही नळी कुठून आली, तिच्या वाटेत काय काय अडचणी आल्या आणि त्या कुणी कशा सोडवल्या, ते बघू.

गोष्ट सुरू होते जर्मनीत, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे नावाच्या गावातल्या एका लहानशा रुग्णालयात. साल १९२९. त्या काळी हृदयाला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची समजूत होती. माणूस मरणाच्या दारात असला की छातीतून थेट हृदयात सुई खुपसून औषध देत, आणि त्यात हृदयच फाटण्याची भीती असे. तिथे वेर्नर फोर्समन नावाचा पंचविशीतला डॉक्टर नुकताच कामाला लागला होता. घोड्याच्या मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातल्याचं एक जुनं चित्र त्याने पुस्तकात पाहिलं होतं. त्याच्या मनात आलं, घोड्याला चालतं तर माणसाला का नाही? आणि मानेऐवजी हाताची शीर घेतली तर? हातातल्या शिरांचं रक्त शेवटी हृदयाकडेच तर जातं.

त्याने वरिष्ठांना विचारलं. त्यांनी साफ नकार दिला. रोग्यावर नाही, आणि स्वतःवर तर मुळीच नाही.

पण फोर्समन ऐकणाऱ्यातला नव्हता. अडचण होती ती किल्लीची. निर्जंतुक केलेली हत्यारं आणि नळ्या कपाटात कुलूपबंद असत आणि त्याची किल्ली शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या परिचारिकेकडे, गेर्डा डिट्झेनकडे असे. तो तिच्याशी बोलत राहिला, आपली कल्पना समजावत राहिला. तिला ती इतकी पटली की ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा.

पुढे काय झालं ते फोर्समनने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याने गेर्डाला टेबलावर झोपवलं, पडू नये म्हणून असं सांगून तिचे हातपाय बांधले, तिच्या हाताला औषध फासलं. मग तिची पाठ वळताच स्वतःच्या डाव्या कोपराची जागा बधिर केली, शीर उघडली आणि मूत्रमार्गाच्या तपासणीसाठी वापरायची बारीक नळी आपल्याच शिरेत सरकवायला सुरुवात केली. नळी बरीच आत गेल्यावर त्याने गेर्डाला सोडवलं. आपल्याला फसवलं हे कळल्यावर ती संतापली. पण संताप गिळून ती त्याच्याबरोबर जिना उतरून खालच्या एक्स-रेच्या खोलीत गेली.

तिथे यंत्रासमोर आरसा धरला गेला. त्या आरशात स्वतःच्या छातीचं चित्र बघत बघत फोर्समनने नळी पुढे ढकलली. पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त नळी आत गेली आणि तिचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं. एक्स-रेचा फोटो काढला गेला. माणूस जिवंत, हृदय चालू, आणि हृदयात नळी.

मैत्रिणींनो, या गोष्टीत नाव डॉक्टरचं झालं. पण किल्ली गेर्डाची होती, आणि आपला हात पुढे करण्याची तयारीही तिने दाखवली होती. तिला न सांगता बांधून ठेवणं मात्र चुकीचंच होतं. आज रोग्याला सगळं समजावून, तिची संमती घेऊनच नळी घालतात. तो आपला हक्क आहे, हे लक्षात ठेवा.

फोर्समनने हा प्रयोग नोव्हेंबर १९२९ मध्ये वैद्यकीय मासिकात छापला. त्याच लेखात एका बाईचीही हकीकत आहे. तिच्या पोटात सगळीकडे पू झाला होता. तिला नळीतून हृदयाजवळ औषध दिलं, थोडा वेळ तिला बरं वाटलं, पण ती वाचली नाही. औषधासाठी अशी नळी घेणाऱ्या पहिल्या रोग्यांपैकी ती एक. तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

कौतुक होण्याऐवजी फोर्समनची टर उडवली गेली. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयात तो गेला, तिथून त्याला काढून टाकलं. शेवटी हृदयाचं काम सोडून तो मूत्रविकाराचा डॉक्टर झाला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता, हेही इतिहासात नोंदलेलं आहे, ते लपवायचं कारण नाही. त्याची नळी पुढे नेली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनी रोग्यांच्या हातातून हृदयापर्यंत नळी नेऊन हृदयाचे आजार तपासले. १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पुरस्कार मिळाला. फोर्समन तेव्हा एका लहान शहरात मूत्रविकाराचे रोगी तपासत होता.

म्हणजे वाट आहे, हे कळलं होतं. पण ती सोपी नव्हती. एकेक अडचण बघू या.

पहिली अडचण, शिरेत शिरायचं कसं? नळी जाड, सुई बारीक. नळी घालायची तर कातडी कापून शीर उघडी करावी लागे. एकदा कापलेली शीर बहुधा पुन्हा कामाची राहत नसे. यावर १९५३ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोममधल्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर या डॉक्टरने तोडगा छापला. आधी शिरेत बारीक सुई घालायची. सुईच्या पोकळीतून एक लवचीक तार आत सोडायची. मग सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची. आता दोऱ्यात मणी ओवावा तशी नळी त्या तारेवर ओवायची आणि आत सरकवायची. शेवटी तार ओढून घ्यायची. काप नाही, टाका नाही. आजही जगभर हीच रीत, थोड्याफार फरकाने, चालते.

दुसरी अडचण नळीचीच. जुन्या नळ्या ताठर होत्या. त्या शिरेच्या आतल्या बाजूला घासत, शीर सुजे, रक्ताची गाठ धरे. त्यामुळे हाताची वाट मागे पडली आणि गळपट्टीच्या हाडाखालची किंवा मानेची मोठी शीर डॉक्टर वापरू लागले. ती वाट जवळची, पण तिथे फुप्फुस अगदी लागून असतं. सुई जरा चुकली तर फुप्फुसाला भोक पडतं.

याच काळात नळीची गरजही वाढली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टॅनली ड्यूड्रिक या डॉक्टरने आधी कुत्र्याची पिल्लं नुसत्या शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली. मग १९६७ मध्ये, आतड्यात जन्मतःच दोष असलेल्या एका तान्ह्या मुलीला मोठ्या शिरेतल्या नळीतून पोषण दिलं. तोंडाने दूध घेऊ न शकणारं ते बाळ वजनाने वाढू लागलं. पण असं पोषण आठवडेच्या आठवडे द्यायचं तर नळी मऊ हवी. ती मिळाली सिलिकॉनची. १९७५ मध्ये अमेरिकेतल्याच व्हर्न होशाल यांनी हाताच्या शिरेतून छातीपर्यंत नेलेल्या सिलिकॉनच्या नळीने रोग्यांना पोषण दिल्याचं प्रसिद्ध केलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं फिरून वाट पुन्हा हाताकडे आली.

तिसरी अडचण आपण सुरुवातीलाच ऐकली, शीर सापडत नाही. १९८० नंतर अमेरिकेत हे काम परिचारिका करू लागल्या होत्या. त्या कोपराच्या खळगीत डोळ्याने किंवा बोटाने शीर शोधत. बाई जाड असेल, अंग सुकलेलं असेल, शिरा आधीच टोचून खराब झाल्या असतील, तर नळी जातच नसे. शिवाय कोपरात घातलेली नळी हात वाकवला की दुमडे, घासे.

१९९० च्या दशकाच्या शेवटी सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी सोनोग्राफीचं यंत्र हाती घेतलं. पोटातलं बाळ ज्याने बघतात, तेच. ते दंडावर फिरवलं की कातडीखालची शीर पडद्यावर काळ्या गोल ठिपक्यासारखी दिसते. शेजारीच धमनीही दिसते. ओळखायचं कसं? यंत्राने हलकं दाबायचं. शीर चपटी होते. धमनी तशी दबत नाही, उडत राहते. आता कोपर सोडून दंडाच्या आतल्या बाजूची खोल, रुंद शीर घेता येऊ लागली. वरून मुळीच न दिसणारी शीर! जिला "हिला शिराच नाहीत" म्हणून परत पाठवायचे, तिच्याही दंडात शीर सापडू लागली.

त्याच पडद्यावर शीर किती रुंद आहे तेही मोजता येतं. नळीने शिरेची निम्म्याहून कमी जागा घ्यावी, असा आता नियम आहे. बाजूने रक्त वाहतं राहिलं तरच गाठ धरत नाही.

चौथी अडचण पुढच्या वाटेची. नळी शिरली, दहा-पंधरा सेंटिमीटर गेली आणि अडली. असं अनेकदा होतं. शिरेत जागोजागी झडपा असतात, नळीचं टोक तिथे अडकतं. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी शीर खांद्यापाशी एकदम वळण घेऊन मोठ्या शिरेला मिळते, तिथे नळी वळत नाही. म्हणून करंगळीच्या बाजूची, सरळ जाणारी शीर आधी बघतात. कधी भीतीने, थंडीने किंवा टोचण्याने शीरच आखडते आणि नळीला घट्ट धरून ठेवते. आणि कधी नळी छातीत उतरायच्या ऐवजी वर मानेत जाते.

इथे जोर लावला की शीर फाटते. अनुभवी हात थांबतो. दंडाला ऊब देतात, रोग्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, शीर सैल पडू देतात. हात बाजूला काटकोनात पसरवतात, म्हणजे काखेतली वाट सरळ होते. नळीतून थोडं सलाईन सोडत सोडत ती सरकवतात, तेव्हा झडप उघडते. आणि मानेत जाऊ नये म्हणून रोग्याला सांगतात, "मान या हाताकडे वळवा, हनुवटी खांद्याला टेकवा." तेवढ्याने मानेची शीर दबते आणि नळी खाली उतरते. एवढं करूनही जात नसेल तर दुसरी शीर, दुसरा हात, किंवा चालत्या एक्स-रेखाली तारेच्या मदतीने. आपल्यात 'वाट पाहणे' या शब्दांचा अर्थ थांबणे असाही होतो आणि रस्ता बघणे असाही. नळी घालणाऱ्याला दोन्ही करावं लागतं.

पाचवी अडचण, थांबायचं कुठे? टोक फार आत गेलं तर हृदयाचे ठोके चुकतात, बाहेर राहिलं तर औषधाने शीर भाजते. म्हणून आधी शिंप्यासारखं टेपने दंडापासून छातीपर्यंत माप घेतात आणि नंतर एक्स-रे काढतात. काही ठिकाणी नळीतूनच हृदयाचा आलेख घेतात. टोक हृदयाजवळ आलं की आलेखातली पहिली छोटी लाट उंच होते.

आणि सहावी अडचण, सगळ्यांत घातक. जंतू. ज्या नळीतून औषध हृदयाशी पोचतं, त्याच नळीतून जंतूही पोचतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने अतिदक्षता विभागांसाठी पाच साध्या गोष्टींची यादी लावली. हात धुणे, क्लोरहेक्झिडीनने कातडी स्वच्छ करणे, टोपी-मास्क-गाऊन घालून रोग्यावर पूर्ण चादर पसरणे, शक्यतो जांघेतून नळी न घालणे आणि गरज संपताच नळी काढणे. ही यादी मोठ्या शिरांतल्या सगळ्याच नळ्यांसाठी होती. त्यात आणखी एक गोष्ट होती. डॉक्टरने पायरी चुकवली तर परिचारिकेने त्याला तिथेच थांबवायचं, तसा तिला अधिकार दिला. २००६ मध्ये निकाल छापून आले. नळ्यांच्या दर हजार दिवसांमागे रक्तात जंतू जाण्याचं प्रमाण सरासरी ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. नवं औषध नाही, महाग यंत्र नाही. हात धुणं, आणि बाईच्या शब्दाला मान.

आता आपल्या घरचं बोलू. कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला किंवा जिल्ह्याच्या गावी गेलेली आपली कुणी मैत्रीण अशी नळी घेऊन परत आली, तर काय करायचं?

तिला हंडा, पाटी, लाकडाची मोळी उचलू देऊ नका. पण हात बांधूनही ठेवायचा नाही. मूठ उघड-मीट करत राहायचं, हलकं काम चालतं. त्या दंडावर बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्या हातात दुसरं इंजेक्शनही नको. आंघोळीला पट्टी कोरडी राहील असं झाकायचं. विहिरीत, नदीत पोहणं बंद. पट्टीखाली हळद, तेल, अंगारा काही लावायचं नाही. पट्टी बदलणं आणि नळी सलाईनने धुणं साधारण आठवड्याला एकदा, शिकलेल्या सिस्टरकडूनच. बस चुकली म्हणून ती खेप चुकवू नये. इथे बचत गटाने बरोबर जाणारी एक जण ठरवली तर मोठा आधार होतो.

थंडी वाजून ताप आला, हात किंवा मान सुजली, टोचल्या जागी लाली, पू, दुखणं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका. नळी थोडी बाहेर आली तर परत आत ढकलायची नाही. बाहेरची नळी चिरली तर चिरेच्या अलीकडे, अंगाच्या बाजूला ती दुमडून घट्ट धरायची आणि तडक निघायचं.

आणि नळी घालण्याआधी सांगायच्या दोन गोष्टी. स्तनाच्या कॅन्सरसाठी ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील, तो हात आधी सांगा. शक्यतो तो टाळतात. किडनीचा आजार असेल तर तेही सांगा. पुढे डायलिसिस लागलं तर हाताच्या शिरा जपून ठेवाव्या लागतात. विचारायलाही लाजू नका. ही नळी का हवी, किती दिवस ठेवणार, शीर सोनोग्राफीने बघणार ना, टोक कुठे आहे ते तपासलं का?

१९२९ मध्ये गेर्डा डिट्झेनने एवढंच केलं होतं. आधी नीट विचारलं, पटल्यावर किल्ली दिली. आपल्या शरीराची किल्ली आपल्याकडे आहे. विचारा, समजून घ्या आणि मगच हात पुढे करा.